वासाचं मीठ

जांभळे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते त्यांना चिकटवलं वरच्या मजल्यावरच्या कारकुनांनी. तळ्याकाठच्या त्या दुमजली इमारतीत खाली तळ्याचं संशोधन केंद्र होतं आणि वर पाणीपट्टी वसूल करणारं कार्यालय. खालच्या मजल्यावर, अगदी मागच्या बाजूला, एक लांबट खोली होती. तिच्यात भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या गच्च झाकणांच्या बाटल्या, बाटल्यांपुढे पिवळे बल्ब आणि बाटल्यांत जांभळं, लाल, तपकिरी, हिरवं पाणी. त्या खोलीत सकाळी शिरलेला माणूस एकदम संध्याकाळीच बाहेर पडायचा. कारकुनांनी त्याचा जांभळेकाका करून टाकला. पुढे पुढे तर पगार वाटणारा नवा माणूससुद्धा यादीत 'जांभळे' शोधत बसायचा आणि सापडलं नाही की काकांवरच डाफरायचा.

"काय काका, आज काय मुरत घातलंय?" जिन्यावरून कुणीतरी विचारायचं.

"तुमच्या साहेबांचा मेंदू," काका म्हणायचे. "पण अजून रंग धरत नाहीये."

काकांचं शिक्षण बेताचंच. ते नोकरीला लागले ते नाव वल्हवायला. केंद्राच्या पहिल्या प्रमुख, ज्यांना लहानथोर सगळे मोठ्या बाई म्हणत, तळ्याच्या तळाचा गाळ काढायला निघाल्या की त्यांना नाव एका जागी स्थिर धरणारा माणूस लागे. आधीचे दोघे कंटाळून पळाले होते. बाई तासन्‌तास पाण्यात डोळे लावून बसायच्या आणि नाव जरा हलली की खेकसायच्या. काका तेव्हा कोवळे होते, पण त्यांच्या हातात एक शांतपणा होता. वल्हं पाण्यात असं धरायचे, की वारा असला तरी नाव जागची हलू नये.

पहिल्याच दिवशी बाईंनी पारदर्शक नळी तळात खुपसली, वरून बूच मारलं आणि अलगद ओढून घेतली. काकांनी नळीत पाहिलं आणि वल्हवायचंच विसरले. त्यांना वाटलं होतं गाळ म्हणजे गाळ. काळा, चिकट, पायाला लागला तर धुऊन टाकायचा. नळीत मात्र एकावर एक पट्टे होते. वर हिरवा, त्याखाली जांभळट गुलाबी, त्याखाली पुन्हा एक हिरवा, पण वेगळाच, काळपट झाक असलेला, आणि सगळ्यात खाली काळाकुट्ट.

"हे काय हो बाई?"

"राहणारी मंडळी," बाई म्हणाल्या. "जिवाणू. झाडांसारखा उजेड खातात, पण झाडांसारखी हवा सोडत नाहीत. उलट मोकळी हवा लागली की यातले बरेचजण गुदमरतात. म्हणून इथं खाली राहतात."

"खाली कुठला आलाय उजेड?"

"येतो ना. वरचा आपल्या आवडीचा रंग उजेडातून काढून घेतो, बाकीचा खाली सोडतो. त्याच्या खालचा त्या उष्ट्या उजेडावर जगतो. आणि त्याच्याही खालचा त्याच्या उष्ट्यावर."

काकांनी जरा विचार केला. "मग भांडत नाहीत?"

"भांडले असते तर पट्टे कशाला पडले असते?" बाई पहिल्यांदा हसल्या. मग नळी नाकाशी धरून म्हणाल्या, "आणि हा वास येतोय ना सडक्या अंड्यांसारखा, तो यांचं अर्धं जेवण. ज्या दिवशी हा वास गेला, त्या दिवशी यांचं घर मोडलं समजा."

ते वाक्य काकांनी तेव्हा कानावर घेतलं आणि सोडून दिलं. नव्या नोकरीत माणसाला इतकं काही सांगितलं जातं.

नंतरची काही वर्षं त्यांनी तळ्याचा कोपरान्‌कोपरा पालथा घातला. तळं वरून एकसारखं दिसायचं, पण तळाशी दर शंभर हातांवर गाव बदलायचं. लव्हाळ्यांच्या खाडीत, दाट सावलीत, काळपट हिरवे राहायचे. अगदी मंद उजेडावर भागवणारे. कत्तलखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी गडद जांभळे. गिरणीचं गरम पाणी जिथं तळ्यात पडायचं तिथं तपकिरी, दुसरीकडं कुठंच न सापडणारे. बुडालेल्या पायऱ्यांच्या कपारीत फिकट गुलाबी. बाई म्हणायच्या, रंग सारखा दिसला तरी आतून सारखे असतील असं नाही. दोन जांभळ्यांमध्येसुद्धा तुमच्या आमच्यापेक्षा लांबचं नातं निघेल. प्रत्येक जागेचा चमचाभर गाळ बाटलीत जायचा, बाटलीवर काकांच्या वळणदार अक्षरात जागेचं नाव लागायचं. बघता बघता चाळीसेक बाटल्या झाल्या आणि त्या सांभाळायचं काम नाववाल्याकडं आलं.

काम सोपं नव्हतं. जुन्या बाटलीतलं अन्न संपत आलं की तिच्यातले चार थेंब ताज्या पाण्याच्या बाटलीत टाकायचे. काका याला विरजण लावणं म्हणायचे. त्या ताज्या पाण्यात बाईंच्या कृतीप्रमाणे एकेक क्षार पडायचा आणि सगळ्यात शेवटी पत्र्याच्या डब्यातलं पिवळट, ओलसर, ढेकळांसारखं सल्फाइड. काकांच्या तोंडी ते नाव कधी बसलं नाही. ते त्याला वासाचं मीठ म्हणायचे. डबा उघडला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा खोलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी सगळ्या बाटल्यांवरून एकदा नजर फिरवली.

"यांना मरू देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

"नाही देणार बाई," काका म्हणाले. वर्षभरानं बाई गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना मासे आणि पाण्याचा दर्जा यांतच रस होता. बाटल्या काकांच्या झाल्या.

घरी बायको शिवणकाम करायची. मशीन दाराशेजारीच होतं, त्यामुळे काका उंबऱ्यात दिसले की ती पाय थांबवून ओरडायची, "अहो, थांबा तिथंच! आधी न्हाणीघर."

"अगं, आज नाही येत एवढा."

"तुमच्या नाकाला विचारू नका. त्याचं राजीनामापत्र कधीच आलंय."

काका हसत मागच्या दारानं न्हाणीघरात जायचे. घासून घासून अंघोळ करायचे तरी वास थोडा राहायचाच. नखांत, कानामागं, शर्टाच्या शिवणीत. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. माळ्याला मातीचा येतो, कोळ्याला मासळीचा येतो, आपल्याला बाटल्यांचा येतो.

मग एकदा ठकूच्या शाळेत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. ठकू त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा आठ-नऊ वर्षांची. बायकोच्या हातात गणवेशांचा ढीग होता, म्हणून काका कामावरून परस्पर गेले. ठकूनं तळं काढलं होतं. निळ्या पाण्याखाली रंगीत पट्टे काढले होते आणि एका कोपऱ्यात नाव, नावेत माणूस. काका चित्रासमोर खूश होऊन उभे राहिले. मागून दोन मुलींची कुजबुज आली.

"ई, गटार फुटलं वाटतं."

"गटार नाही गं, ठकूचे बाबा!"

त्या नाक दाबून खिदळत पळाल्या. ठकूनं ऐकलं होतं.  परतताना ती पुढे पुढे चालत राहिली, कुणी पाहिलं तर दोघं एकत्र आहेत असं वाटू नये इतकी पुढे. घरी काका नेहमीप्रमाणे मागच्या दारानं न्हाणीघरात गेले. अंगाला साबण लावत होते, तेवढ्यात दाराच्या फटीतून ठकूचा आवाज आला. ती आईला सांगत होती.

"आई, बाबांना सांग ना, शाळेत येऊ नका म्हणावं. कधीच."

"अगं, असं म्हणतात का?"

"मग मीच नाही जाणार शाळेत."

काका तसेच उभे राहिले. साबण अंगावर वाळायला लागला तरी त्यांना पाणी घ्यायचं सुचेना.

दुसऱ्या दिवशी ताजं पाणी तयार करताना त्यांनी वासाचं मीठ निम्मंच घातलं. मनाची समजूत अशी, की बघू तर, चालतंय का. चाललं. बाटल्या मेल्या नाहीत. पुढच्या खेपेला आणखी निम्मं. त्यापुढच्या खेपेला चिमूटभर. विचारायला बाई नव्हत्या आणि साहेबांना विचारण्यात अर्थ नव्हता. एक दिवस डब्याचं झाकण घट्ट लावून काकांनी तो सगळ्यात वरच्या फळीवर, रिकाम्या खोक्यांमागं सारला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या राहायला लागल्या. बायकोनं 'थांबा तिथंच' म्हणायचं हळूहळू सोडून दिलं. तिच्या लक्षात आलं होतं, आणि कारणही कळलं होतं, पण तिनं विचारलं नाही.

मग एका दुपारी काका शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. जरा लांबच, झाडाखाली. ठकू बाहेर आली, त्यांना पाहून थबकली, जवळ आली आणि त्यांच्या बाहीशी नाक नेऊन क्षणभर उभी राहिली. मग तिनं त्यांचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

बाटल्यांचं असं झालं. लव्हाळ्यांच्या खाडीतली हिरवी बाटली आधी फिकी पडली. मग काही दिवस तिच्यात नुसतं गढूळ पाणी राहिलं. ते रोज सकाळी आधी तिच्याकडं जायचे, बल्ब जवळ सरकवायचे, लांब सरकवायचे, काचेला हात लावून ऊब बघायचे. आणि एक दिवस काचेच्या कडेला गुलाबी झाक दिसली. ती पसरली, गडद झाली, बाटली लालभडक झाली. काकांचा जीव भांड्यात पडला. कच्चं फळ पिकतं, तशी ही बाटली पिकली असं त्यांना वाटलं. मग तपकिरीही पिकली. मग फिकट गुलाबी. विरजण लावताना ते सगळ्यात लाल दिसेल त्या जागेवरचे थेंब उचलायचे. जोमदार बी निवडावं तसे. वर्षा-दोन वर्षांत भिंतभर एकाच रंगाची लाली चढली. केंद्रात येणारे पाहुणे खोलीच्या दारातच 'वा!' म्हणायचे.

"काका, तुमच्या हाताला गुण आहे," साहेब म्हणायचे.

वास नसल्यामुळे ठकूही शाळा सुटली की तिथं येऊन बसायची. बल्बच्या उजेडात गृहपाठ करायची. काका तिला बाटल्या दाखवायचे. ही लव्हाळ्यांची, ही गिरणीची, ही बुडालेल्या पायऱ्यांची. "दिसतात सारख्या," ते बाईंचं म्हणणं आठवून सांगायचे, "पण आतून प्रत्येकीचं घराणं वेगळं." ठकूला ते एवढं भावलं, की ती पुढे तेच शिकली. दुसऱ्या शहरात जिवाणूंच्या जनुकांवर काम करायला लागली. घराण्यांच्या वंशावळी काढायला.

दरम्यान तळं देखणं झालं. यंत्रं लावून तळाचा सगळा गाळ उपसला, गाड्या भरभरून कुठल्याशा खड्ड्यात नेऊन टाकला. काठाला दगडी बांध घातला, नाले वळवले, गिरणी तर आधीच बंद पडली होती. फिरायला फरसबंदी वाट झाली, मधोमध कारंजं आलं. लोक खूश होते आणि खूश व्हायला हरकतही नव्हती. डास कमी झाले होते. काका बांधावर उभे राहून खाली बघायचे. आता तळाशी सिमेंट होतं. ते मग खोलीत जाऊन बाटल्यांसमोर स्टुलावर बसायचे आणि त्यांना बरं वाटायचं. तळ्याच्या पोटातली सगळी गावं उठली होती, पण गावकरी इथं त्यांच्या फळीवर होते.

काकांच्या निवृत्तीच्या वर्षी केंद्रच बंद करायचं ठरलं. खालच्या मजल्यावर पर्यटकांसाठी माहिती दालन होणार होतं.

"बाटल्यांचं काय साहेब?"

"राजधानीत जिवाणूंचा मोठा संग्रह आहे, तिथं पत्र पाठवलंय. ते म्हणतात, वेगवेगळे असल्याचा जनुकीय पुरावा द्या, मग घेऊ. नाहीतर..." साहेबांनी हात उडवला. "नियमानं वाफेत घालून नष्ट करायच्या. तुमची मुलगी त्यातलीच आहे ना? तिला सांगा."

ठकू आनंदानं आली. थंड पेटीत प्रत्येक बाटलीतला नमुना भरून घेतला. काकांनी तिला एकेका जागेची हकिकत सांगितली, ती तिला पाठच होती तरी तिनं पुन्हा ऐकली.

"बाबा, त्या गिरणीच्या तपकिरीत काहीतरी नवंच निघेल बघा. जगात दुसरीकडं नसेल. नाव द्यायची पाळी आली तर कुणाचं देऊ?"

"मोठ्या बाईंचं," काका म्हणाले. मग जरा लाजून, "आणि दुसरं निघालं तर तुझ्या आईचं."

"माझं नाव जिवाणूला?" बायको मशीनवरून म्हणाली. "जन्मभर नाव घेतलं नाही, आता चिखलाला देताहेत."

महिनाभरात फोनवर ठकूचं बोलणं बदललं. काका विचारायचे, "लागला का निकाल?" ती म्हणायची, "बघतेय बाबा, पुन्हा लावलंय." मग पुन्हा, "अजून एकदा बघते." आणि एका रविवारी दुपारी, न कळवता, ती दारात उभी राहिली. तिच्याकडं बघताच बायकोनं मशीन थांबवलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठकूनं संगणक उघडला. पडद्यावर तिनं काढलेली वंशावळ होती.

"बाबा, असं बघा. नाती लांबची असली की इथं फांद्या फुटतात. झाडासारख्या."

काकांनी चष्मा लावला. पडद्यावर झाड नव्हतं. एक उभी रेघ होती आणि तिच्यापासून निघालेल्या चाळीसेक आडव्या, अगदी आखूड रेघा. कंगव्यासारख्या.

"फांद्या कुठायत?"

"नाहीत, बाबा. सगळ्या बाटल्यांत एकच आहे. एकच घराणं. सख्खी भावंडंसुद्धा एवढी सारखी नसतात. आणि तेही साधं. जगात कुठल्याही डबक्यात सापडतं. संग्रहात त्याचे ढिगानं नमुने आहेत."

"एकच म्हणजे?" काका म्हणाले. "लव्हाळ्यांचे?"

"नाहीत."

"गिरणीचे? ते तर तपकिरी..."

"तपकिरी होते. आता नाहीत. मी तीनदा केलं बाबा. मला वाटलं माझंच चुकलं. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगून बसले होते ना, माझे बाबा काय काय सांभाळून आहेत म्हणून."

काकांचे हात टेबलावर होते, ते त्यांनी खाली मांडीवर घेतले.

ठकूनं आवाज हळू केला. "जोरात वाढणारा असतो हा जिवाणू. आपल्याच ड्रॉपरच्या टोकावर बसून एका बाटलीतून दुसरीत गेला असणार. पण घरात माणसं असती तर तो घुसलाच नसता. घरं आधी रिकामी झाली होती. आणि ती एकाच कारणानं होऊ शकतात." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "बाबा, सल्फाइड कधी कमी केलं होतं का? बंद केलं होतं?"

ओट्याशी बायको उभी होती. तिच्या हातातलं भांडं होतं तिथंच राहिलं. ती वळली आणि नवऱ्याकडं बघत राहिली.

काकांच्या कानात बाईंचं नावेतलं वाक्य इतक्या वर्षांनी स्पष्ट वाजलं. ज्या दिवशी हा वास गेला. त्यांना तो दिवस माहीत होता. न्हाणीघराच्या दाराची फटसुद्धा डोळ्यांपुढं होती.

"असेल," ते म्हणाले. "मीठ मिळेना झालं होतं मध्ये. मागवायचं राहिलं. मग... राहूनच गेलं."

"राहून गेलं?" ठकूचा आवाज चढला. "बाबा, एवढं एकच तर करायचं होतं! कृती लिहून दिली होती बाईंनी. तळ उपसून टाकलाय, आता जगात कुठं शोधायचे ते? कंटाळा केलात तुम्ही?"

"ठकू!" बायको पुढं आली. "तुला माहीत तरी आहे का, त्यांनी..."

"अगं, पाणी दे जरा," काका म्हणाले. असं तोडून ते बायकोशी कधी बोलत नसत. ती थांबली. माठातलं पाणी ओतून तिनं पेला त्यांच्यापुढं ठेवला, जरा आपटूनच.

"हयगय झाली बेटा," काका म्हणाले. "बरोबर आहे तुझं. हयगयच झाली."

ठकूनं संगणक मिटला. नंतर जेवणं झाली, इकडचं तिकडचं बोलणं झालं, पण घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. संध्याकाळी ती निघाली तेव्हा काका पिशवी घेऊन दारापर्यंत गेले. ती चपला घालता घालता थांबली. आपण फार बोललो हे तिलाही लागलं असावं. लहानपणी करायची तसं तिनं त्यांच्या बाहीशी नाक नेलं.

"तुम्हाला पूर्वी कसला तरी वास यायचा ना, बाबा? बाटल्यांचा. मला अंधुक आठवतंय. वासावरून कळायचं, तुम्ही आलात. आवडायचा मला."

"हो का?" काका म्हणाले.

"कधी गेला तो?"

"असाच. हळूहळू." त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. "चल, गाडी चुकेल."

ती वळणापलीकडं गेल्यावर बायको म्हणाली, "आवडायचा म्हणे. विसरली सगळं."

"लहान होती."

"सांगायचं होतंत. मी सांगत होते तर गप्प केलंत."

"काय सांगायचं? तुझ्यापायी गेले म्हणून? ती आयुष्यभर जिवाणूंचीच घराणी मोजणार आहे. दर वेळी तिला तेच आठवेल."

"आणि तुम्हाला नाही का आठवणार?"

काका उंबऱ्यातच बसून राहिले.

साहेबांनी बाटल्या नष्ट करायला शिपाई देऊ केला होता. काका म्हणाले, नको, मीच करतो. वाफेचं मोठं भांडं तापवून त्यांनी एकेक खेप आत लावली. आत जाताना लालभडक असलेल्या बाटल्या बाहेर आल्या तेव्हा उकळून उकळून वाया गेलेल्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. ते पाणी मोरीत ओतलं. मग बाटल्या कोमट पाण्यात बुडवल्या आणि चिठ्ठ्या भिजून सुटायला लागल्या. लव्हाळ्यांची खाडी. नाल्याचं तोंड. बुडालेल्या पायऱ्या. गिरणीचा पाइप. वळणदार अक्षरांतली गावं एकेक करून पाण्यावर तरंगली, एकमेकांना चिकटली आणि त्यांचा लगदा झाला. काकांनी तो हातानं गोळा करून कचऱ्यात टाकला.

वरच्या मजल्यावरचा एक जुना कारकून जिन्यावरून डोकावला. "काय काका, दुकान बंद?"

"बंद," काका म्हणाले. कारकून आणखी काहीतरी गमतीचं बोलणार होता, पण त्यांचा चेहरा पाहून परत वर गेला.

शेवटी वरची फळी राहिली. रिकामी खोकी काढली तर मागं पत्र्याचा डबा होता. झाकण गंजून बसलं होतं. काकांनी तो खिडकीशी नेला, चमच्याच्या दांड्यानं झाकण उचकटलं. आत मीठ होतं, पुष्कळ होतं. ओल धरून त्याचं एकच पिवळं ढेकूळ झालं होतं. मिळेना झालं होतं, असं ते ठकूला म्हणाले होते. वास एकदम अंगावर आला. वर कुठंतरी एक खिडकी धाडकन बंद झाली. काका डबा हातात धरून उभे राहिले; नाव हलू न देणाऱ्या माणसासारखे, अगदी स्थिर. बऱ्याच वेळानं त्यांनी झाकण लावलं, डबा घातक रसायनांच्या पेटीत ठेवला आणि दिवे घालवले. पिवळे बल्ब एकेक करून विझले. रिकाम्या फळ्यांवर बाटल्यांच्या बुडांच्या गोल खुणा तेवढ्या राहिल्या.

घरी मशीन चालू होतं. काका उंबऱ्यात आले आणि मशीन थांबलं. बायकोनं मान वर केली, नाक जरा उचललं.

"अहो, वास येतोय."

"हो," काका म्हणाले आणि सवयीनं मागच्या दाराकडं वळले.

"राहू दे," ती म्हणाली. "या आत."

ते आत आले, खुर्चीवर बसले. तिनं पुन्हा मशीनवर पाय ठेवला, पण मशीन काही चालवलं नाही. त्या वासात दोघं तशीच बसून राहिली.